गवत कुणाचे?

सोलापूरचे १९३० साल म्हटले की मार्शल लॉ आठवतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे आठवतात. त्याच १९३० साली महाराष्ट्रात जंगल सत्याग्रहही झाला. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी गावोगावची चराऊ राने सरकारी केली होती. गुरे आत गेली की दंड, नाहीतर कोंडवाडा. म्हणून लोकांनी राखीव रानात शिरून गवत कापले. २५ सप्टेंबरला चिरनेर येथे गोळीबार झाला, माणसे मेली.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न आमच्या दाराशी वेगळ्या रूपात आला. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. धनगरांची मेंढरे आणि गोरगरिबांच्या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत. त्याच माळावर माळढोकही राही. या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कळपाच्या पायाखाली ते सहज जाते. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चराईला बंद झाले. गवत वाढले, पक्षी स्थिरावला.

मग १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात वनजमीन थोडी, खाजगी शेतीच फार. माळावर चराई अडली, शिवारात जमिनीचे व्यवहार अडले. राग निघाला तो मुक्या पक्ष्यावर. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर माळ नांगरले गेले होते, कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता. आज माळढोक दिसलाच तर एखादा. सारा दोष शेळीच्या माथी मारणे सोपे आहे, खरे नाही.

हा इतिहास वर्गात सांगताना एका मुलाने विचारले, ‘‘सर, परिंदे के वास्ते जगा है, हमारी बकरी के वास्ते नै?’’

मी त्याला म्हणालो, सरकारी रान म्हणजे सर्वांचे रान. तिथे मनाला येईल तितकी जनावरे सोडण्याचा हक्क कुणा एकाचा नाही. विणीच्या दिवसांत माळ पक्ष्यालाच दिला पाहिजे. पण कोणता तुकडा किती महिने बंद ठेवायचा, हे ठरवताना मेंढपाळाला शेजारी बसवायला हवे होते. १९३० मध्ये परक्या सरकारने त्याला विचारले नाही, हे समजू शकते. आपल्या सरकारने का विचारले नाही, याचे उत्तर मात्र मला त्या मुलाला देता आले नाही.