धमनीतील आग

तूप गोठले की भांडे चुलीशी सरकवावे, हे आपल्या घरातील पोरालाही ठाऊक असते. मग धमनीत साचलेल्या मेदावर हाच उपाय का करू नये? हा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात मोठमोठ्या डॉक्टरांना पडला, आणि त्याचे उत्तर रोग्यांच्या देहावर मिळाले.

मोठी चिरफाड न करता धमनी रुंद करण्याचा पहिला मान चार्ल्स डॉटर यांचा. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील धमनी त्यांनी आतून नळ्या सरकवून मोकळी केली. पाऊल सडू लागले होते, पण बाई पाय कापू देईनात. पुढे १९७७ मध्ये झुरिक येथे ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. परंतु फुगा आत जाण्यास फट तर हवी! पूर्ण बुजलेल्या धमनीपुढे तो बहुधा हात टेकी.

येथे लेसरची आठवण झाली. उघड्या काचतंतूतून सोडलेला किरण मेद जाळी, तशी भिंतही भोसकी. म्हणून तंतूच्या टोकाला धातूची टोपी बसवली. किरण टोपीत अडे, टोपी तापे, आणि ती तप्त गुंडी अडथळा जाळीत पुढे सरके. इंग्लंडात शेफील्डचे डेव्हिड कंबरलंड यांनी १९८६ मध्ये पायाच्या बंद धमन्यांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा आशा उंचावल्या. आम्हांस नवल वाटते ते हे की, एवढा नाजूक किरण हाती आल्यावर त्याच्याकडून काम घेतले ते मात्र डाग देण्याच्या सळईचे!

पण धमनी म्हणजे तुपाचे भांडे नव्हे; तिची भिंत जिवंत असते. साचलेल्या मेदात चुना धरून तो दगडासारखा होतो. त्यावर गुंडी चालेना; ती मऊ भिंतीकडे वळे. भाजलेली भिंत आकसे, तेथे रक्ताची गुठळी धरे, आणि जखम भरताना वाढलेल्या पेशी तीच वाट पुन्हा बुजवीत. दशक संपता संपता ही तप्त गुंडी मागे पडली.

दरम्यान वेगळीच वाट सापडली होती. मद्रासेत जन्मलेले रसायनज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी वाइन व ब्लम या सहकाऱ्यांसह, न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत, १९८१ मध्ये सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर अतिनील एक्झायमर लेसर सोडला. खाच स्वच्छ कोरली गेली. कडा करपली नाही. ३०८ नॅनोमीटर लांबीच्या एक्झायमर किरणांना हृदयधमनीच्या कामी अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. त्यांत उष्णता मुळीच नसते असे नाही. पण प्रत्येक ठोका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान, त्यामुळे शेजारची भिंत भाजण्यास फारशी सवड मिळत नाही. आज बहुतेक धमन्या फुगा आणि स्टेंटची जाळी यांनीच उघडतात. एक्झायमर बाहेर काढतात तो मोजक्या अवघड जागी, विशेषतः त्या जाळीतच वाट पुन्हा बुजली तर.