अलिबाग : ओहोटीच्या वाटेवरचे गाव



"अलिबागहून आलास काय?" हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो कुणाला ना कुणाला विचारलाही असेल. ज्याला जगरहाटी कळत नाही, ज्याला कुणीही सहज फसवावे, असा भोळा मनुष्य तो अलिबागचा, अशी मुंबईकरांची समजूत. ही थट्टा इतकी रूढ झाली की २०१९ साली एका गृहस्थांनी तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाच्या निर्णयाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्या गावाला आपण भोळे म्हणून हसतो आणि शनिवार-रविवार हवा खावयास जातो, त्याचा इतिहास काय आहे, हे एकदा पाहून घ्यावे एवढ्यासाठीच आजचा विषय निवडला आहे.

प्रथम नावाचा विचार करू. या भागात पूर्वी अली नावाचा एक धनवान बेने इस्रायली गृहस्थ राहत असे, त्याच्या नारळी-पोफळीच्या बागा होत्या, आणि त्या 'अलीच्या बागे'वरून गावास अलिबाग हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. परंपरेला दस्तऐवजाची किंमत देता येत नाही, हे खरे. तथापि बेने इस्रायली लोकांचा या किनाऱ्याशी असलेला संबंध निर्विवाद आहे. त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले आणि वाचलेली मोजकी माणसे येथेच राहिली, असे ते स्वतः सांगत आले. तेलाचे घाणे चालवावे, शनिवारी मात्र बैल जुंपू नयेत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्यांनी मराठी ही घरची भाषा केली आणि गावांच्या नावांवरून आडनावे घेतली. इस्रायल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर आहे, आळीचे नावही आहे. माणसे मात्र थोडी उरली.

आता अलिबागेच्या दक्षिणेस अगदी जवळ असलेल्या आक्षीकडे वळू. तेथे सापडलेल्या एका शिळेवरील लेखात मराठी शब्द आहेत. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला आहे. हे वाचन मान्य केले तर उपलब्ध मराठी शिलालेखांत हा सर्वांत जुना ठरतो. काही अभ्यासक आकडा निराळा वाचतात आणि लेख सुमारे दोनशे वर्षे अलीकडे आणतात. वाद विद्वानांनी मिटवावा. आपल्यापुरते इतके पुरे की, ज्याला आपण अडाणी समजतो त्याच्या शेजारच्या वाडीत मराठी अक्षरे निदान आठशे वर्षे उभी आहेत.

गावाचे खरे भाग्य उजळले ते कुलाबा किल्ल्यामुळे. शिवछत्रपतींनी आपल्या अखेरच्या काळात, १६८० साली, या किल्ल्याचे काम सुरू करविले आणि संभाजीराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. किल्ला भर समुद्रात नाही आणि जमिनीवरही नाही. ओहोटीला माणूस कोरड्या पायांनी, फार तर घोटाभर पाण्यातून, चालत जाईल. भरतीला त्याच जागी होडी लागेल. म्हणजे दिवसातून दोनदा हा किल्ला बेट होतो आणि दोनदा जमिनीला जोडला जातो. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. सभोवार खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याचा तलाव! ज्यांनी ही जागा निवडली त्यांना उधाण आणि भांग यांचे गणित पक्के ठाऊक होते.

कान्होजी आंग्र्यांनी आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे येथे केले. मुंबईच्या इंग्रजांना ते फार खुपत होते, कारण मुंबईच्या बाऱ्यातून निघणारे प्रत्येक गलबत आंग्र्यांच्या टप्प्यात येई. इंग्रज कान्होजींना चाचे म्हणत. आपल्या राज्याच्या समुद्रात दस्तकाशिवाय फिरणारे जहाज पकडणाऱ्या सरखेलास चाचा म्हणावयाचे असेल, तर तोच न्याय इतरांनाही लावावा लागेल. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. आंग्र्यांच्या मदतीला खुद्द बाजीराव फौज घेऊन आला. पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले आणि इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी अलिबागेतच आहे. पुढे राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली किल्ल्यात सिद्धिविनायकाचे देऊळ बांधले. आज तटावरच्या तोफा पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा याच गणपतीपुढे थांबतो.

तोफांनी जे साधले नाही ते पुढे कागदाने साधले. वारस नाही या सबबीवर १८४० साली इंग्रजांनी आंग्र्यांचे संस्थान खालसा केले. डलहौसी हिंदुस्थानात यावयास अजून आठ वर्षे होती, हे येथे ध्यानात ठेवावे. ज्या हिराकोटात आंग्र्यांचा खजिना राहावयाचा, तेथे तुरुंग झाला. दर्यावर्दी गाव कचेऱ्यांचे गाव बनले. कुलाबा जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी ठिकाण बदलले नाही. वकील, कारकून, शिक्षक, कज्जासाठी आलेली कुळे यांच्यावर गावाचा बाजार चालू लागला.

यानंतर या गावाने जगाला एक मोठी देणगी दिली, आणि तीही मुंबईमुळेच. मुंबईच्या कुलाब्याला वेधशाळा होती. तेथे १८४० नंतरच्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. शहरात विजेवर ट्राम चालावयाची ठरली, तेव्हा त्या विजेने नाजूक उपकरणे बिघडणार हे उघड झाले. संचालक नानाभाई मूस यांनी शांत जागा शोधली ती अलिबागची. १९०४ साली येथे वेधशाळा सुरू झाली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड कटाक्षाने टाळले. दोन्ही ठिकाणची मापे जुळविता यावीत म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या. त्यामुळे मालिका तुटली नाही, आणि जगातील दीर्घकाळ चाललेल्या अशा मोजक्या नोंदींत तिची गणना होते. मुंबईच्या कुलाब्याचे काम अलिबागच्या कुलाब्याजवळ आले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मुंबईला जे शांतपणे करता येईना, ते अलिबागने केले.

मुंबईची वाट मात्र अलिबागकरांना स्वस्त पडली नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत सणासाठी घरी निघालेले गिरणी कामगार होते, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया होत्या. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून काहींना वाचविले. महिन्याभरात स्वातंत्र्य आले आणि देशाच्या आनंदात हे दुःख मागे पडले. अष्टागरातल्या घरांतून ते पडले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. तो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमिनी ओसाड राहिल्या, लोकांनी करवंदे विकली, लाकडे तोडली, पण नांगर धरला नाही. १९३४ साली डॉ. आंबेडकर तेथे सभेला आले, आणि १९३७ साली त्यांनी खोतीच्या नाशाचे विधेयक कायदेमंडळात मांडले. कसणाराची जमीन हे तत्त्व पुढे कायद्यात उतरले, त्याच्या पायाभरणीत चरीच्या कुळांचे उपास आहेत.

आता आजची स्थिती. शहराची वस्ती वीस हजारांच्या आसपास. सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर येणारी गर्दी निराळी. लाँच होतीच, १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसकट माणसे नेणारी मोठी बोटही सुरू झाली. मांडव्यापासून नागावपर्यंत वाड्या विकल्या गेल्या आणि त्यांत धनिकांचे बंगले उभे राहिले. खानावळवाला, रिक्षावाला, खोली भाड्याने देणारी बाई यांच्या हाती त्यामुळे दोन पैसे येतात, हे मी नाकारीत नाही. परंतु वाडी म्हणजे केवळ झाडे नव्हेत. विहीर, पाट, शिंपणे, माडावर चढणारा मनुष्य आणि कित्येक वर्षांनी फळ देणाऱ्या झाडावर विश्वास ठेवणारे कुटुंब, या सर्वांची मिळून वाडी होते. वर्षातून वीस दिवस येणारा मालक ती सांभाळू शकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या पाडल्या. पुन्हा लावावयाची तर ज्याला येथेच म्हातारे व्हावयाचे आहे तोच लावील. ज्याला विकून जावयाचे आहे तो कशाला लावील?

चरी खारेपाटात आहे आणि बंगले किनाऱ्याला आहेत. जमिनी निराळ्या, हे मी जाणतो. तरी तालुका एकच आहे. एका पिढीने उपाशी राहून मिळविलेला हक्क दुसरी पिढी एका सहीने सोडून देते, तेव्हा तिला दोष देण्यापूर्वी शेतीतून तिला काय सुटत होते, ते विचारले पाहिजे. येथील पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याच्या कडेला वेणीसारख्या माळा लावून तो विकला जातो. गोड कांद्याला नाव मिळाले तसा भावही मिळाला, तर शेत राखण्याला कारण उरेल. किनारा नियमनाचे नियम १९९१ पासून आहेत. ते कोळ्याच्या झोपडीला जेवढ्या तत्परतेने दाखविले जातात तेवढ्याच तत्परतेने बंगल्याच्या भिंतीलाही दाखवावेत. या दोन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ झाले.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी आपण अलिबागेस जाल तेव्हा जरूर जा, पोहा, मासळी खा. पण ओहोटीची वेळ विचारून किल्ल्यात जा, आक्षीची शिळा पाहा, आणि वाडीवाल्याशी चार शब्द बोला. मग "अलिबागहून आलास काय?" असे कुणी विचारले, तर "होय, तेथूनच आलो" असे आपण मान वर करून सांगाल, अशी माझी खात्री आहे.