नात्सु मात्सुरी

नात्सु मात्सुरी : जपानमध्ये जुलै-ऑगस्टात गावोगावी भरणाऱ्या उन्हाळी उत्सवांचे सामान्य नाव. देवळाची यात्रा, पितरांसाठी पाळले जाणारे बोन पर्व, त्या पर्वातले बोन ओदोरी हे रिंगणनृत्य, नदीकाठची आतषबाजी आणि खाऊ-खेळांच्या टपऱ्या असा सगळा पसारा या नावाखाली येतो. जपानी माणसे जिथे जिथे जाऊन राहिली तिथे हा उत्सवही गेला. हवाई, कॅलिफोर्निया, ब्राझील, मलेशिया, सिंगापूर येथे तो आज स्थानिकांचाही झाला आहे. पनवेल परिसरातून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा मित्रमंडळींबरोबर सहलीला तिकडे जाणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून ही नोंद केली आहे. म्हणून तीत क्योतोच्या मिरवणुकांपेक्षा गल्लीतल्या रिंगणाला अधिक जागा आहे.

पनवेलचा जपानशी आजवरचा संबंध मुख्यतः कर्जाचा आणि काँक्रीटचा. शिवडीहून निघून उरण तालुक्यात चिर्ले येथे उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, तो जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून. न्हावा-शेवा बंदरापर्यंत येणाऱ्या पश्चिम मालवाहतूक मार्गालाही त्याच संस्थेचे अर्थसाहाय्य आहे. या व्यवहारात ओळख होते ती अभियंत्यांची. शेजारपाजारचा जपानी माणूस कसा असतो हे पाहायचे तर उन्हाळी उत्सवाइतकी सोपी जागा दुसरी नाही.

काळ : 'उन्हाळी' म्हटल्यावर एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणू नये. पनवेलची गाढी नदी दुथडी भरून वाहते त्या दिवसांत तोक्योत ३५ अंशांचा दमट उकाडा असतो. तिकडचा मुख्य पाऊस जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत आटोपतो आणि मग उत्सवांची रांग लागते. जुन्या चांद्र पंचांगात बोन सातव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला येई. १ जानेवारी १८७३ पासून जपानने सौर दिनदर्शिका स्वीकारली आणि या एका पर्वाचे तीन तुकडे झाले. तोक्योत बऱ्याच ठिकाणी ते १५ जुलैला धरतात, उरलेल्या बहुतेक देशात १५ ऑगस्टच्या आसपास, आणि ओकिनावात अजूनही चांद्र तिथीने. ओकिनावाची ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली श्रावणातलीच असते. २०२३ साली ती ३० ऑगस्टला आली, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर कोळी मंडळी दर्याला नारळ देत होती त्याच दिवशी तिकडे एइसा या ढोलनृत्याची धामधूम होती. अधिक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे जुळला नाही की ती पुढे सरकते. २०२५ मध्ये ती ६ सप्टेंबरला, आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली आणि पाठोपाठ आपला पितृपक्ष लागला.

मूळ : बोनची कथा बौद्ध आहे आणि तिचा नायक भारतीय. मोकुरेन म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन. ज्याच्या अस्थी सारिपुत्ताच्या अस्थींसह सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सापडल्या, तोच. दिव्यदृष्टीने त्याला आपली मृत आई प्रेतयोनीत उपाशी दिसते. तो तिला अन्न देतो, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे होतात. वर्षावास संपेल त्या दिवशी भिक्षुसंघाला दान दे, असे बुद्ध सांगतो. तसे केल्यावर आई सुटते आणि मौद्गल्यायन आनंदाने नाचू लागतो. नाचाचा शेवट लोकांनी मागाहून जोडलेला दिसतो, पण उत्सव उभा आहे तो त्या शेवटावर. दहाव्या शतकातला कूया आणि तेराव्या शतकातला इप्पेन या भिक्षूंनी नाचत नामस्मरण करण्याची पद्धत लोकांत रुजवली. तिच्यातून बोन ओदोरी वाढले असे मानतात. वारकरी परंपरेतून आलेल्या वाचकाला यात नवल वाटायला नको.

घरात पितरांचे स्वागत साधेच असते. काकडीला चार काड्या टोचून घोडा करतात आणि वांग्याला टोचून गाय. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावे, परत जाताना गाईच्या चालीने रेंगाळत जावे, अशी कल्पना. पर्वाच्या शेवटी निरोपाचा विस्तव पेटवतात. क्योतोत १६ ऑगस्टला पाच डोंगरउतारांवर प्रचंड आकृत्या पेटवल्या जातात, तो याच प्रथेचा मोठा अवतार.

रिंगण : मैदानाच्या मधोमध यागुरा नावाचा लाकडी मचाण उभारतात. त्यावर तायको हा मोठा ढोल असतो आणि चारी बाजूंना कंदिलांच्या माळा ओढलेल्या असतात. लोक मचाणाभोवती फेर धरतात. हातपावलांची पाच-सात वळणे, तीच पुन्हा पुन्हा. गाणे संपेपर्यंत माणूस शिकलेला असतो. मध्यभागी वादक आणि भोवती फिरणारे नाचे, ही मांडणी कोकणातल्या माणसाला सांगावी लागत नाही. जाखडीत गायक आणि मृदंगवाला मध्ये बसतात व बाल्ये भोवती फिरतात, तिची हीच रचना आहे. फरक असा की जाखडीचा संच ठरलेला असतो, तालीम झालेली असते आणि बाहेरचा माणूस पाहत उभा राहतो. बोनच्या रिंगणात तालमीची अट नाही आणि नाचणारा-पाहणारा ही सीमाही कच्ची आहे. परक्या माणसाला या उत्सवात सहज शिरता येते ते या ढिलेपणामुळे.

सर्वांत सोपे नृत्य म्हणजे तांको बुशी, क्यूशूच्या कोळसाखाणींतून आलेले. उजवीकडे दोनदा, डावीकडे दोनदा फावड्याने खणल्याची हालचाल. मग पोते खांद्यावरून मागे टाकायचे. मग एक पाऊल मागे जाऊन कपाळाशी हात धरून चंद्र पाहायचा. मग दोन्ही हातांनी कोळशाची गाडी पुढे ढकलायची. हात पसरून शेवटी टाळी. खाणकामगाराची आख्खी पाळी त्यात येते. जपानी अक्षर न वाचता येणारा माणूसही हे नृत्य पहिल्या दोन फेऱ्यांत उचलतो आणि परदेशातल्या बहुतेक कार्यक्रमांत ते हमखास असते.

हा नाच अनादि काळापासून सुखाने चालत आला, असा समज मात्र करून घेऊ नये. मेइजी काळाच्या सुरुवातीला कित्येक प्रांतांनी त्याला अडाणी आणि असभ्य ठरवून बंदी घातली होती. आजचे शहरी रूप विसाव्या शतकातले आहे. १९३२ साली तोक्योच्या हिबिया उद्यानात 'मारुनोउची ओंदो' या नव्या गाण्यावर बोन नृत्य झाले. पुढल्याच वर्षी ते 'तोक्यो ओंदो' या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आले आणि देशभर गाजले. तबकडी आणि कर्णा आल्यावर गायकांचा ताफा नसलेल्या वस्तीलाही उत्सव परवडू लागला. तोक्योतल्या कोएंजी भागाचा आवा ओदोरी हा नाच तर १९५७ साली दुकानदारांच्या तरुण मंडळींनी, शेजारच्या आसागायाच्या उत्सवाला गर्दी होते मग आपल्याकडे का नको, अशा ईर्षेने सुरू केला. ही ईर्षा आपल्या गणेशोत्सव मंडळांना परकी नाही. मूळचा आवा ओदोरी तोकुशिमाचा, १२ ते १५ ऑगस्टचा. तिथे आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी वेगळा जथा असतो आणि त्यात कोणालाही घेतात. गिफू प्रांतातल्या गुजो येथे उत्सव जुलै ते सप्टेंबर चालतो, आणि १३ ते १६ ऑगस्ट या रात्री पहाटेपर्यंत फेर सुटत नाही. अशी ४१ नृत्ये 'फुर्यू ओदोरी' या नावाने २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

क्योतोचा गिओन मात्सुरी हे वेगळे प्रकरण आहे. ८६९ साली साथ शमावी म्हणून सुरू झालेला हा उत्सव महिनाभर चालतो, पण मोठ्या रथांच्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैला निघतात. तो पाहायचा उत्सव, नाचायचा नाही. मराठी प्रवाशाने रथांच्या अंगावरची वस्त्रे मात्र जवळून पाहावीत. डच व्यापाऱ्यांमार्फत नागासाकीला उतरलेले जुने हिंदुस्थानी गालिचे त्यांत आहेत आणि त्यांतले काही दख्खनमध्ये विणलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. दख्खनमध्येच या जातीचे गालिचे आता दुर्मीळ आहेत.

टपऱ्या : ताकोयाकीत ऑक्टोपस, याकिसोबात बहुधा डुकराचे मांस, आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क. शाकाहारी माणसाच्या वाट्याला सोया सॉस लावून भाजलेले कणीस, पाकात घोळवलेले सफरचंद, काडीवरची काकडी, 'म्हातारीचे केस' आणि काकिगोरी म्हणजे सरबत ओतलेला बर्फाचा कीस, एवढेच येते. तेवढ्यावर एक संध्याकाळ भागते. गोटीने बंद केलेली रामुने सोड्याची बाटली हाती आली की कोकणातल्या जत्रेची आठवण येणारच, कारण तिचे कूळ गोटी सोड्याचेच आहे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली दोन्हीकडे पोचली, आणि जन्मभूमीत विसरली गेल्यावरही या दोन देशांनी टिकवली.

खेळांत किंग्यो सुकुई पाहण्यासारखा. उथळ हौदात लाल मासोळ्या सोडलेल्या असतात आणि हातात पातळ कागद ताणून बसवलेली कडी देतात. नवखा माणूस कागद अर्धाच बुडवतो. कोरडा आणि ओला भाग जिथे भेटतो तिथे तो फाटतो. जाणकार आख्खा कागद एकदमच ओला करतो, कडी तिरपी धरून पाण्यात सारतो आणि मासा कागदाच्या मध्यावर न घेता कडेजवळ घेतो. नारा प्रांतातल्या यामातोकोरियामा गावी याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. प्रवाशाने जिंकलेला मासा तिथेच परत द्यावा. हॉटेलच्या खोलीत त्याचे काही खरे नसते.

परदेशात : १८८५ पासून सरकारी करारावर जपानी मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि बोन नृत्य त्यांच्याबरोबर गेले. आज तिथे जूनपासून जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिराच्या अंगणात रिंगण असते आणि फेरात अनेक वंशांचे लोक असतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९३०च्या दशकात योशिओ इवानागा या धर्मोपदेशकाने ते मंदिरामंदिरांत शिकवले. मलेशियात १९७७ साली जपानी कंपन्यांच्या कुटुंबांसाठी सुरू झालेला बोन ओदोरी पुढे शाह आलमच्या मैदानात हजारोंचा झाला. २०२२ मध्ये, महासाथीच्या खंडानंतर, तिथल्या धार्मिक व्यवहार मंत्र्यांनी मुस्लिमांनी यात जाऊ नये असे सुचवले. शाह आलम ज्या राज्यात येते त्या सेलांगोरच्या सुलतानांनी कार्यक्रम होऊ द्यावा असे सांगितले आणि १६ जुलैला प्रचंड गर्दी लोटली. वादाने जाहिरात झाली, हे उघडच आहे. पण पितरांचा विधी जपानी घरात राहिला आणि मलेशियात फक्त नाच पोचला, हेही त्या वादाने स्पष्ट केले.

तोक्योतले मराठी : २०००च्या सुमारास संगणक क्षेत्रातल्या भारतीयांची वस्ती एदोगावा विभागातल्या निशी-कासाई भागात वाढली. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच विभागाच्या स्थानिक परिषदेवर निवडून आले. तिथल्या सरकारी धर्तीच्या गृहसंकुलांत रहिवासी मंडळे उन्हाळ्यात आपापले रिंगण भरवतात. वर्गणी देणाऱ्यांची नावे, कधी रकमेसह, फलकावर किंवा कंदिलांवर लावतात, हे पाहून आपला माणूस लगेच घरच्यासारखा होतो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावा नदीकाठी होणारी आतषबाजी याच विभागाची; तिच्या पहिल्या पाच सेकंदांत हजार बाण सुटतात.

घोळक्याने जाणाऱ्यांसाठी : रिंगणात मित्रांनी एकमेकांच्या मागे रांग धरू नये, सगळेच चुकतात आणि मागच्यांची वाट अडते. एकेकाने वेगवेगळ्या जाणत्या आजीच्या मागे शिरावे. अशा आजी प्रत्येक रिंगणात असतात आणि बोलल्याशिवाय शिकवतात. युकाता म्हणजे उन्हाळी सुती किमोनो भाड्याने घेतल्यास डावा पदर उजव्यावर घ्यायचा. उलटा पदर प्रेताला घालतात, आणि तो तसा दिसला तर कोणी अनोळखी बाई पुढे येऊन नीट करून देते. सुटी नाणी जवळ ठेवावीत. कचराकुंड्या थोड्या असतात, म्हणून पिशवी बरोबर हवी. आतषबाजीहून परतताना पोलीस एकेरी वाट लावतात तिला कंटाळू नये. आकाशी शहरात २१ जुलै २००१ रोजी आतषबाजीच्या गर्दीत पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले, आणि बंदोबस्ताचे नियम त्यानंतर कडक झाले. भेटीची खूण म्हणून मचाण ठरवू नये, सगळ्यांनी तेच ठरवलेले असते. स्थानकाचे बाहेर पडायचे दार क्रमांकासह ठरवावे. वादळाच्या दिवसांत कार्यक्रम आयत्या वेळी रद्द होतो, तेव्हा एकाच रात्रीच्या भरवशावर तिकिटे काढण्यापेक्षा १२ ते १६ ऑगस्ट हा पट्टा मोकळा ठेवावा. याच दिवसांत सारा जपान गावी निघालेला असतो, म्हणून बुलेट ट्रेनचे आरक्षण खुले होताच, म्हणजे महिनाभर आधी, करावे.