ठाणे-कल्याणचा काळा पाषाण आणि सागरतळीचे तेल

ठाणे व कल्याण यांच्या दरम्यान १९१६ मध्ये पूर्ण झालेला पारसिकचा बोगदा ज्या काळ्या पाषाणातून जातो, तो दख्खनच्या लाव्हाचा होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेले हे थर घाटमाथ्यावर आजही जवळजवळ आडवे आहेत. ठाणे-कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे कललेले आढळतात. ऑडन यांनी १९४९ मध्ये वर्णिलेला हा वाक पनवेलच्या नावाने ओळखला जातो.

लाव्हापासून तेल उत्पन्न होत नाही. म्हणून केवळ भूपृष्ठ पाहणाऱ्यास हा प्रदेश तेलशोधाच्या दृष्टीने निष्फळच वाटावा. परंतु हाच पाषाण सागराखाली खचला, आणि त्यावर चिखल व चुनखडीचे जाड थर साचले. चिखलातील सेंद्रिय द्रव्यापासून तेल व वायू निर्माण झाले आणि चुनखडीच्या सच्छिद्र थरांत साठून राहिले.

१९६४-६५ च्या सुमारास सोव्हिएत जहाजावरून झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात मुंबईच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर, एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. तथापि उघड्या समुद्रात वेधन करण्याचे साधन हाती नसल्याने त्याची परीक्षा लांबली. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'च्या वेधनाने तेथे तेल सिद्ध झाले, आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादनास प्रारंभ झाला. त्याच वर्षी सापडलेल्या वायुक्षेत्रास वसईचे नाव मिळाले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. दक्षिण वसई क्षेत्राचा वायू १९८८ पासून मिळू लागला.

येथे एक भेद ध्यानी घेणे इष्ट आहे. मुंबई हाय येथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. 'खोल समुद्र' ही संज्ञा ४०० मीटरांपलीकडील क्षेत्रास लावतात. दक्षिणेकडील कोकण-केरळ द्रोणीचा बराच भाग असा आहे. तेथे लाव्हाचे थर सर्वेक्षणाच्या ध्वनिलहरी विखुरतात, त्यामुळे खालील गाळाचे खडक अस्पष्ट राहतात. तेथील विहिरींतून व्यापारी उत्पादन अद्याप झालेले नाही.

संभाव्यता म्हणजे साठा नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय. मुंबई हायचा उंचवटाही सुमारे नऊ वर्षे केवळ अनुमान होता. त्याला तेलक्षेत्राची प्रतिष्ठा दिली ती वेधनानेच.