देवळीचा ‘ळ’ आणि कमांड लाइन

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात देवळी येते. रोमन लिपीत या गावाचे रूढ लेखन ‘डी, ई, ओ, एल, आय’ असे आहे. त्यावरून नागरीत परतावे तर ‘देओली’ हाती येते, फार तर ‘देवली’. ‘ळ’ वाटेतच हरवतो. याच तालुक्यातील नाचणगावच्या नावात ‘ण’ आणि ‘न’ एकाच रोमन अक्षरात बुडाले आहेत. ग्रामनामांची अशी रोमन यादी विद्यार्थ्यांसह नागरीत आणावयास आम्ही बसलो आणि मराठीच्या माणसांना सहसा अपरिचित असलेल्या एका इतिहासाकडे वळलो.

ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी 1991 मध्ये टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी देवनागरीची सोय केली. अविनाश चोपडे यांचे ‘आयट्रान्स’ही त्याच दशकातले. दोन्हींची रीत एकच: मजकूर रोमन संकेतांत लिहावा, कमांड लाइनवर प्रोग्रामचे नाव आणि फाइलचे नाव टंकावे, छपाईयोग्य नागरी मिळवावी. वापरणाऱ्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नव्हती.

पुढे अशी कामे पायथॉनसारख्या भाषांच्या पॅकेजांत गेली आणि एक अडचण उभी राहिली. पॅकेज हे मुळात दुसऱ्या प्रोग्रामने वापरावयाचे सामान. ते संगणकावर बसवले तरी चार ओळींचा प्रोग्राम लिहिल्यावाचून साहित्याच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही. पायथॉनच्या 2.4 या आवृत्तीत (2004) ‘डॅश एम’ हा पर्याय आला. फाइलचा पूर्ण पत्ता न देता केवळ नाव सांगितले की पायथॉन ते मोड्यूल शोधून चालवू लागला. 2006 मध्ये पॅकेजच्या आतील मोड्यूलेही अशी चालू लागली आणि 2010 च्या 2.7 या आवृत्तीपासून, ‘मेन’ नावाची ठरावीक फाइल आत असेल तर, अख्खे पॅकेजच. दुसरी वाट अशी की पॅकेज बसवतानाच त्याच्या नावाची एक छोटी आज्ञा संगणकावर तयार व्हावी. ‘इंडिक ट्रान्सलिटरेशन’ या पॅकेजची ‘सॅनस्क्रिप्ट’ ही आज्ञा या दुसऱ्या जातीची. ती टंकावयास सोपी खरी; पण एकाच यंत्रावर दोन-तीन पायथॉन नांदत असतील तर हाकेला कोणता ओ देईल, हे कळत नाही. ‘डॅश एम’मध्ये ज्या पायथॉनचे नाव घ्यावे तोच उत्तर देतो. म्हणून जेथे दोन्ही वाटा खुल्या असतील तेथे आम्हांला पहिलीच अधिक विश्वासाची वाटते.

‘सॅनस्क्रिप्ट’ला मूळ संकेतपद्धती कोणती व इष्ट लिपी कोणती, हे दोन्ही सांगावे लागते. आयट्रान्स पद्धतीत ‘ळ’साठी मोठा ‘एल’ आहे. तो घातला आणि ‘व’मधला अकार जपला तर ‘देवळी’ नीट उमटते. बोलताना आपण तो अकार गिळतो, तसाच लिहितानाही गिळला तर ‘देव्ळी’ होते. (व्याकरणाच्या तासाला अकारलोपासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.) संस्कृतज्ञांच्या प्रचलित रोमन पद्धतीत तर खाली टिंब दिलेला ‘एल’ म्हणजे ‘ऌ’, 2001 च्या ‘आयएसओ 15919’ या मानकात मात्र तेच चिन्ह ‘ळ’चे. पद्धतीचे नाव चुकले की वर्ण बदलला. पोथीचा संपादक कोणती प्रत घेतली, कोणते संकेत पाळले, हे प्रास्ताविकात नोंदवतो. तशी आम्ही टंकलेली आज्ञा वहीत अक्षरशः उतरवून ठेवतो. माऊसने केलेल्या बदलाची अशी नोंद सहसा राहत नाही.

यंत्रासाठी लिपी वाकवण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. ‘अ’लाच सगळ्या मात्रा लावणारी बाराखडी काकासाहेब कालेलकरांनी पुरस्कारिली होती, तिच्यामागे टंकलेखनाची सोय हेही एक कारण होते. ती टिकली नाही.

आमच्या यादीचे म्हणाल, तर जे रोमनमध्ये उतरलेच नव्हते ते कोणतीही आज्ञा परत आणू शकली नाही. ‘ळ’ कोठे आणि ‘ण’ कोठे, हे त्या-त्या गावच्या विद्यार्थ्यांना विचारून आम्ही मूळ यादीत हाताने दुरुस्त केले, अकार भरले, आणि मगच आज्ञा चालवली.