‘मनुष्य’ आणि ‘राजकारणी’ : १९९१ च्या अहमदनगर निवडणूक-विवादातील चारित्र्यकल्पना

स्वतंत्र भारतातील निवडणूक-विवादांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १२ जून १९७५ च्या निर्णयाकडे जाते. त्या निर्णयाचे राजकीय परिणाम दूरगामी झाले हे निर्विवाद आहे. परंतु तेथील मुख्य प्रश्न शासकीय यंत्रणेच्या वापराचा होता. प्रचारसभेत उच्चारलेल्या शब्दांनी प्रतिस्पर्ध्याच्या शीलाला बाध येतो काय, आणि तेवढ्यावरून लाखो मतदारांनी दिलेला कौल रद्द ठरवावा काय, हा निराळा प्रश्न अहमदनगर लोकसभा मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीने ठळकपणे पुढे आणला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे त्या काळचे नाव ठेवले आहे.

या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार यशवंतराव गडाख यांनी एकनाथराव उर्फ बाळासाहेब विखे पाटील यांचा पराभव केला. दोघेही सहकारी चळवळीतून वर आलेले. बाळासाहेबांचे वडील विठ्ठलराव यांनी धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभारला. गडाखांचे कार्यक्षेत्र नेवासे तालुक्यातील सोनई आणि तेथील मुळा कारखाना. म्हणजे हा सामना दोन भिन्न विचारप्रणालींचा नव्हता. उसाचा भाव, पाटाचे पाणी, शिक्षणसंस्था यांविषयी दोघांची भाषा बव्हंशी एकच होती. धोरणाचा भेद जेथे थोडा असतो तेथे प्रचाराचा भर व्यक्तीवर जातो. येथेही तसेच घडले. प्रतिस्पर्धी पैशाच्या बळावर मते मिळवू पाहतो, दुसऱ्या उमेदवाराने माघार घ्यावी म्हणून त्याने रक्कम देऊ केली, अशा आशयाची विधाने सभांतून झाल्याची तक्रार विखे पाटील यांनी निवडणूक-याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे मांडली.

याचिकेचा आधार होता लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, यातील कलम १२३, पोटकलम (४). या तरतुदीची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. विधान वस्तुस्थितीविषयीचे असले पाहिजे, केवळ मताविषयीचे नव्हे. ते खोटे असले पाहिजे. करणाऱ्याला ते खोटे वाटत असले पाहिजे, अथवा निदान खरे वाटत नसले पाहिजे. ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा आचरणाविषयी, किंवा त्याच्या उमेदवारीविषयी वा माघारीविषयी असले पाहिजे. आणि त्याच्या यशाला अपाय होईल असे त्याचे स्वरूप असले पाहिजे. टीका, उपहास, धोरणाचा निषेध ही सर्व या कुंपणाबाहेर मोकळी राहतात. लोकशाहीत राजकारण्यावर वाटेल तितके कोरडे ओढावेत, परंतु राजकारण्याच्या आड असलेल्या मनुष्याला खोट्याने कलंकित करू नये, असा या तरतुदीचा गाभा आहे.

हा ‘मनुष्य’ आणि ‘राजकारणी’ यांतील भेद इंग्लंडमधील जुन्या निवडणूक-खटल्यांतून आपल्याकडे आला. सर्वोच्च न्यायालयात त्याची महत्त्वाची चिकित्सा केली ती मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, इंदरलाल विरुद्ध लालसिंग या खटल्यात, १९६२ साली. तेथे पत्रकात उमेदवाराचे वर्णन विरोधकांना पैशाने विकत घेणारा असे केले होते. हा आरोप सार्वजनिक वर्तनावर असला तरी त्याचा घाव माणसाच्या नैतिक अस्तित्वावर बसतो, म्हणून तो वैयक्तिक चारित्र्याविषयीचाच होय, असे न्यायालयाने ठरविले. पुढे कुलतारसिंग विरुद्ध मुख्तियारसिंग या खटल्यात ‘पंथ’ या शब्दाचा अर्थ लावताना त्यांनीच दाखवून दिले की, प्रचारातील शब्दाचा अर्थ कोशातून नव्हे, तर त्या प्रसंगातील श्रोता तो कसा घेईल यावरून ठरवावयाचा असतो.

या दोन निर्णयांच्या प्रकाशात नगरचा विवाद पाहिला म्हणजे त्यातील भाषिक गुंतागुंत ध्यानात येते. ‘चारित्र्य’ हा शब्द मराठीच्या रोजच्या व्यवहारात बहुधा स्त्री-पुरुष संबंधांपुरता संकुचित झाला आहे; पैशाच्या व्यवहारातील शुचितेसाठी ‘हात स्वच्छ असणे’ यासारखे वाक्प्रचार वापरले जातात. कायद्यातील संज्ञा या दोहोंना कवेत घेते. ‘वाटणे’ या क्रियापदाचेही असेच. सहकारी कारखान्याने सभासदांना दिवाळीची साखर वाटणे ही प्रतिष्ठेची गोष्ट. निवडणुकीत कोणी काही वाटले म्हटले की तोच शब्द दूषण होतो. ज्या जिल्ह्यात कारखाना, शाळा आणि पतपेढी एकाच घराच्या नावाने ओळखल्या जातात, तेथे मनुष्य कोठे संपतो आणि राजकारणी कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड होते. नेत्याने माणसे विकत घेतली असे म्हणणे म्हणजे तेथे त्याच्या संस्थेवर, कुळावर आणि वडिलांच्या पुण्याईवरही बोट ठेवणे होय.

याहून सूक्ष्म अडचण ‘म्हणे’ या अव्ययाची. ‘त्यांनी पैसे देऊ केले’ हे विधान झाले. ‘त्यांनी पैसे देऊ केले म्हणे’ ही ऐकीव वार्ता झाली. एका शब्दाने वक्ता सत्यासत्याची जबाबदारी अंगावरून झटकतो, आणि श्रोत्यावर होणारा परिणाम मात्र फारसा उणावत नाही. शिवाय वृत्तपत्रातील बातमी ही भाषणाची शब्दशः नोंद नसते. पुराव्याच्या दृष्टीने ती स्वतः ऐकीवच होय. सभेतील बोली, बातमीदाराची प्रमाण मराठी आणि न्यायालयाची इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून शब्द न्यायाधीशांपुढे येतो. असे असता मूळ विधान निश्चयात्मक होते की ऐकीव, प्रश्नरूप होते की औपरोधिक, हे ठरविणे केवळ कायद्याचे काम राहत नाही.

उच्च न्यायालयाने मार्च १९९३ मध्ये गडाखांची निवड रद्द ठरविली, आणि शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. पवार त्याच महिन्यात पुन्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले होते, त्यामुळे निर्णयाचा बोभाटा जिल्ह्याबाहेर पसरला. अपिलावर १९ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. गडाखांची निवड रद्दच राहिली. पवारांवरील ठपका मात्र दूर झाला. तरीही न्यायालयाने सर्वच पक्षांच्या वरिष्ठ नेत्यांना उद्देशून जो अभिप्राय नोंदविला तो विशेष लक्षणीय आहे. वरच्या नेत्यांच्या भाषणांचा दर्जा घसरला की ती घसरण खालच्या थरांपर्यंत झिरपते आणि प्रसंगी हिंसेला चालना देते. म्हणून ही प्रवृत्ती उलटविणे हे त्यांचेच कर्तव्य होय, असा त्याचा आशय आहे.

येथे न्यायदानाची मर्यादाही दृष्टीस पडते. खोट्या विधानाने मिळविलेली निवड रद्द करता येते. परंतु ते विधान झालेच नसते तर मते कशी पडली असती हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. पराभूत उमेदवाराला विजयी घोषित करावयाचे तर कायद्याला नेमकी हीच सिद्धता हवी असते. अहमदनगरची जागा विखे पाटील यांच्याकडे गेली नाही. १९९४ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे मारुती देवराम उर्फ दादा पाटील शेळके निवडून आले. मतदारांनी विखे पाटील यांना याच मतदारसंघातून लोकसभेवर पाठविले ते १९९८ साली, शिवसेनेच्या चिन्हावर.

यावरून जनमताच्या प्रतिक्रियेविषयी एक अनुमान काढता येते. न्यायालयाने गडाखांच्या पक्षाच्या उमेदवाराची निवड रद्द केली म्हणून मतदारांनी त्या पक्षाला दूर सारले नाही. आणि याचिका जिंकली म्हणून विखे पाटील यांना तत्काळ जागाही मिळाली नाही. न्यायालयाने विधानाचा न्याय केला, मतदारांनी उमेदवार आणि त्यांचे गट तोलले. दोन्ही नेत्यांनी पुढे आत्मचरित्रे लिहिली : गडाखांचे ‘अर्धविराम’, आणि विखे पाटील यांचे ‘देह वेचावा कारणी’, जे त्यांच्या निधनानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आपले चारित्र्य कोणी सांगावे याविषयीची ओढ न्यायालयीन निकालाने शमत नाही, असा याचा अर्थ घेता येईल.

निवडणूक-इतिहासाचा अभ्यास बहुधा मतांची बेरीज आणि पक्षांतरे यांवर थांबतो. नगरचा विवाद सांगतो की प्रचारसभेतील भाषा हेही तितकेच महत्त्वाचे साधन आहे. जिल्ह्यातील वृत्तपत्रांचे जुने अंक, न्यायालयीन साक्षी आणि त्यांची भाषांतरे यांचा ताळा घालून, बोललेले मराठी वाक्य कायद्याच्या ‘विधाना’त कसे रूपांतरित होते हे दाखविणे, हे काम इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे आहे. साक्षीदार हयात आहेत आणि कागद टिकून आहेत तोवर ते झाले तरच त्याला अर्थ आहे.