लाल डगल्यातली मर्दानगी

बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारा बदलताना पाहायला आजही झुंबड उडते. लाल डगला, अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, निवडून घेतलेले धिप्पाड जवान. साम्राज्याला जगापुढे मिरवायचा होता तो पुरुष हाच. आणि एकोणिसाव्या शतकापासून संध्याकाळी लंडनच्या बागांमध्ये पैशासाठी पुरुषांसोबत जाणाराही पुष्कळदा हाच असे.

मूळ कारण पगार. शिपायाला दिवसाला शिलिंगभर मिळे, त्यातही कपात. नाइट्सब्रिजची बरॅक हाइड पार्कला लागून, वेलिंग्टन बरॅक सेंट जेम्स पार्कशेजारी. जवळच्या पबमध्ये एखादा गृहस्थ बिअर पाजायचा आणि सौदा ठरायचा. लेखक जे. आर. अ‍ॅकर्ली याने दरही लिहून ठेवलाय: पायदळातला गार्ड एक पौंड, घोडदळातला त्याहून महाग.

खरी मेख या पैशातच होती. पैसे घेतल्याने शिपायाचं पुरुषपण उणावत नसे, उलट शाबूत राहत असे. हौस गिऱ्हाइकाची, आपली फक्त नड, असं त्याला स्वतःला आणि सोबत्यांना सांगता येई. हाच गडी रविवारी मैत्रिणीला फिरवी, पुढे लग्न करून संसारालाही लागे. कायद्याला मात्र हा भेद मंजूर नव्हता. १८८५ पासून पुरुषांमधल्या संबंधांना दोन वर्षांपर्यंत कैद होती, आणि ती दोघांनाही.

त्या कायद्याचा फायदा उठवणारेही होते. काही शिपाई गिऱ्हाइकाला बडवून त्याचं पाकीट काढून घेत किंवा धमकावून पैसे उकळत. नागवला गेलेला माणूस पोलिसात कोणत्या तोंडाने जाणार? वर मारहाण केली की आपण ‘त्यातले’ नाही, हेही परस्पर सिद्ध होई. या काळाच्या आठवणी रम्य करून सांगणारे ही बाजू हमखास गाळतात.

अ‍ॅकर्लीची या प्रश्नाशी घरातच गाठ पडली. केळ्यांच्या व्यापारात गब्बर झालेले त्याचे वडील तरुणपणी घोडदळाच्या गार्डमध्ये होते आणि एका श्रीमंत काउंटशी त्यांचं फार सख्य होतं. मग वडीलही त्याच वाटेने गेले होते का? त्याने पुष्कळ खोदून पाहिलं, छडा लागला नाही. या शोधाची हकीकत सांगणारं ‘माय फादर अँड मायसेल्फ’ हे त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६८ मध्ये निघालं.

आदल्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये एकवीस वर्षांवरच्या पुरुषांचे खासगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले होते. त्या सवलतीतून सैनिकांना वगळलं होतं. समलिंगी असल्याचं न लपवता फौजेत राहण्याची मुभा मिळायला २००० साल उजाडलं.